नवरामुलगा नात्याने आजोबा

बडोद्याच्या समा भागात आमच्या सोसायटीच्या फाटकाशी भाजीची गाडी लावणारा रमेशभाई बरीच वर्षं मला ज्योतिषी समजत होता. माझ्याकडे येणारे लोक गुंडाळलेले कागद घेऊन येतात, हलक्या आवाजात घर विचारतात आणि जाताना बहुधा विचारात पडलेले असतात, एवढं त्याने पाहिलं होतं. एकदा त्याने माझ्या पिशवीत मेथीची एक जुडी जास्तीची टाकली आणि विचारलं, "बेन, मारी दीकरीनुं क्यारे गोठवाशे?" म्हणजे त्याच्या मुलीचं लग्न कधी जमेल. मी म्हटलं, "रमेशभाई, पुढचं मला काही दिसत नाही. मी लोकांचं मागचं बघते." त्यावर त्याने थोडा विचार केला आणि जुडी परत काढून घेतली.

नोकरी मी एका रासायनिक कारखान्याच्या संगणक विभागात केली. कुठला पाइप कुठल्या टाकीला जोडला आहे, मध्ये कुठले व्हॉल्व्ह आहेत, ही माहिती साठवायची आणि कोणी विचारलं की पडद्यावर दाखवायची, हे माझं काम. निवृत्त झाले त्याच सुमारास कॅनडातल्या मावसभावाने आमच्या आजोळच्या सगळ्या माणसांची एक फाइल पाठवली. घरात ती कोणाला उघडेना. मी उघडली, आणि माझ्या लक्षात आलं की हे काम मला येतं. पाइपांच्या जागी माणसं होती, एवढंच. फरक इतकाच की पाइप आपापसांत भांडलेले नसतात आणि कोणाशी जोडलं म्हणून रुसत नाहीत.

हा धंदा काय असतो ते थोडक्यात सांगते. पूर्वी वंशावळ कागदावर लिहीत. मूळपुरुष वरती, खाली मुलगे, त्यांचे मुलगे. चार पिढ्यांत कागद संपायचा. आता लोक ती संगणकात भरतात. प्रत्येक माणसाची वेगळी नोंद: नाव, जन्म, मृत्यू, आईवडील, लग्न. पण अशा शेकडो नोंदींचा ढीग नुसता वाचून काही समजत नाही. तो बघण्यासाठी प्रोग्रॅम असतात. तुम्ही एखाद्या माणसावर क्लिक करता, तो मध्यभागी येतो, त्याचे आईवडील वरती जातात, मुलंबाळं खाली येतात. मग त्याच्या आत्यावर क्लिक करा, ती मध्यभागी येते आणि सगळं घराणं तिच्याभोवती फिरून उभं राहतं. गिऱ्हाईक पहिल्यांदा स्वतःवरच क्लिक करतं. आपण मध्ये आणि बाकी सगळे भोवती, हे दृश्य माणसांना फार आवडतं. ते बघताना मी दोन मिनिटं चहा टाकायला आत जाते.

दाखवणं झालं की तपासणी. प्रोग्रॅम सगळ्या नोंदी एकमेकींशी ताडून बघतो आणि जिथे अशक्य काही दिसेल तिथे पिवळा त्रिकोण लावतो. बापाहून मुलगा मोठा, वारल्यानंतर बाळंत झालेली बाई, असं. पहिल्या तपासणीत त्रिकोण न आलेलं घराणं मी अजून पाहिलेलं नाही. एका गृहस्थांची आजी जन्माच्या आधी लग्न करून बसली होती. मी तारीख दुरुस्त करायला सांगितलं तर ते कौतुकाने म्हणाले, "आजीला सगळ्याचीच घाई असायची."

आणि रिकाम्या जागांची यादी काढली की ती सगळी बायकांची निघते. पुरुषाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, हुद्दा, कोणी दिलेली शाल, सगळं असतं. शेजारी बायकोच्या चौकटीत लिहिलेलं असतं "सौ." एवढंच. पोरं अकरा आणि नाव "सौ." त्या चौकटी भरायला मी लोकांच्या मागे लागते, आत्यामावश्यांना फोन करायला लावते. थोड्या भरतात. बऱ्याच तशाच राहतात, आणि त्याला माझ्याकडे काही इलाज नाही.

माझा स्वतःचा म्हणावा असा पराक्रम वेगळा आहे. हे प्रोग्रॅम परदेशातले. त्यांना काका, मामा, मावसे, आत्याचे यजमान सगळे सारखेच, सगळे अंकल. साडू म्हणजे काय ते त्यांना माहीतच नाही. दोन माणसं निवडली की त्यांचं एकमेकांशी नातं काय ते सांगायची सोय प्रोग्रॅममध्ये असते, पण उत्तर ऐकून आमच्या लोकांचं समाधान व्हायचं नाही. म्हणून मी बसून त्याला आपली नाती शिकवली. चुलत, मामे, आते, मावस, जाऊ, नणंद, व्याही. गुजराती गिऱ्हाइकांसाठी गुजराती. हे काम मी अभिमानाने दाखवत असे. ते एकदा कसं अंगाशी आलं तेच सांगायचं आहे, पण त्याआधी मांडवीच्या शेठचं सांगते, म्हणजे एरवी माझे दिवस कसे जातात याची कल्पना येईल.

मांडवीजवळ या शेठचं भांड्यांचं दुकान आहे. अमेरिकेतल्या भावाने बनवलेल्या फाइलवरून त्यांना दुकानात लावायला मोठा तक्ता हवा होता. मी पडद्यावर नमुना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिलं आणि म्हणाले, "बेन, आमांथी मारा साळाने काढी नाखो."

मी म्हटलं, "शेठ, मेहुण्यांना काढून टाकलं तर तुमच्या बायकोला भाऊच राहणार नाही."

"ए ज तो जोईए छे," शेठ म्हणाले. तेच तर हवंय.

मी त्यांना समजावलं की माहितीतून माणूस पुसायचा नसतो, हवं तर छापताना लपवता येतो. ते खूश झाले. पुढच्या आठवड्यात मेहुणा तीच फाइल घेऊन आला आणि त्याने शेठना लपवून मागितलं. मी दोन्ही तक्ते छापून दिले. दोन्ही दुकानं एकाच गल्लीत आहेत. शेठाणी दोन्ही तक्त्यांत आहेत.

आता आबासाहेब घोरवडकर. इतकी वर्षं नेमाने मी ज्यांचं काम केलं असं हे एकच गिऱ्हाईक. राहणार दांडिया बाजार, निवृत्त इतिहास शिक्षक, वय ऐंशीच्या पुढे, ताठ. त्यांचे पणजोबा संस्थानच्या नोकरीत दक्षिणेतून बडोद्याला आले. त्या वेळी घराण्याचं आडनाव देशमुख होतं. घोरवडकर नंतर लागलं. त्यांच्या फाइलीएवढी नीटनेटकी फाइल मी दुसरी पाहिली नाही. स्वतः टाइप करत, एका बोटाने, आणि प्रत्येक नोंद झाल्यावर मोठ्याने वाचून दाखवत. त्यांच्या घरी बाकी सगळे अर्धं गुजराती बोलत. आबासाहेब मात्र भाजीवाल्याशीही वर्गात शिकवल्यासारखं मराठी बोलायचे आणि तो बिचारा "हा जी, हा जी" करत राहायचा.

त्या सगळ्या फाइलीत त्यांचं मन एकाच चौकटीत अडकलं होतं. पणजोबा नारायणराव विष्णुराव देशमुख यांना दोन मुलगे. थोरला म्हणजे आबासाहेबांचे आजोबा. धाकटा वडील प्लेगात गेल्यानंतर काही दिवसांतच घरातून निघून गेला. त्याचं खरं नावही कोणाला आठवत नव्हतं, घरात त्याला बाळ म्हणत. चौकटीत लिहिलेलं होतं, "बाळ. पत्ता नाही." आबासाहेब मला एकदाच म्हणाले होते, "आजोबा शेवटी शेवटी मला ओळखत नसत. मला बाळ म्हणून हाक मारत, आणि मी ओ देत असे." त्यानंतर ते विषय बदलून लीलो चेवडा पुढे करत राहिले.

त्यांची नात मुक्ता. आर्किटेक्ट, मोकळी, हसरी. तिने लग्न ठरवलं ते निखिल पिसाळशी. निखिल सौरऊर्जेच्या कंपनीत काम करणारा, मूळचा बडोद्याजवळच्या डभोईचा. त्याचे वडील प्रभाकरराव रेल्वेत गार्ड होते, आता निवृत्त होऊन डभोईलाच असतात. दोन्ही घरांची पसंती झाली होती. एका रविवारी सकाळी बोलणी करायला पिसाळ मंडळी दांडिया बाजारात यायची होती. आबासाहेबांनी मला फोन केला.

"सुलभाताई, निखिलनेही त्यांच्या घराण्याची फाइल केली आहे. मी मागवून घेतली आहे. रविवारी दोन्ही घराणी टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर शेजारी शेजारी दाखवायची. आपण कोण, ते कोण, हे सगळ्यांना कळलं पाहिजे."

मी जाऊन निखिलची फाइल त्यांच्या संगणकावर घातली. तशी घातली की प्रोग्रॅम आपणहून शोधायला लागतो, दोन्हीकडे तोच माणूस आहे की काय. नावं जुळलेली दिसली की तो दोघांना शेजारी ठेवून विचारतो, हे दोघे एकच का? खाली तीन बटणं असतात: एकच, वेगळे, माहीत नाही. मी आबासाहेबांना सांगितलं, "हे आत्ता बघू नका. मी रविवारी आले की आपण बसून बघू." ते "बरं" म्हणाले. आबासाहेब "बरं" म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ "ऐकलं" एवढाच असतो, हे मला तेव्हा सुचलं नाही.

रविवारी मी पोचले तेव्हा पिसाळ मंडळी आली होती. प्रभाकरराव, त्यांच्या पत्नी आणि निखिल. प्रभाकरराव गोलमटोल, मिशीतून हसणारे. दारातच त्यांनी वाकून आबासाहेबांच्या पायांना हात लावला. मुक्ताचे वडील सुहास खुर्च्या मांडत होते, आई आत चहाचं बघत होती. मी लॅपटॉप टीव्हीला जोडला. आबासाहेब टीव्हीशेजारी उभे होते, हातात पडदा ओढायची काठी. चेहरा असा फुललेला की मला वाटलं लग्नाचाच आनंद आहे.

सगळे बसल्यावर ते म्हणाले, "बोलणी नंतर करू. आधी एक बातमी द्यायची आहे. बाळ सापडला."

कोणाला काही कळेना. प्रभाकररावांनी मांजर हरवलं असेल अशा समजुतीने "वा, छान झालं" म्हटलं.

आबासाहेबांनी काठी पडद्यावर टेकवली. "प्रभाकरराव, तुमच्या आजोबांचं नाव काय?"

"नारायणराव."

"त्यांच्या वडिलांचं?"

"विष्णुराव. मूळचे आम्ही देशमुख. पिसाळ मागनं लागलं."

"नारायणराव विष्णुराव देशमुख," आबासाहेब सावकाश म्हणाले. "तेच माझे पणजोबा. माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ, ज्याला आम्ही बाळ म्हणतो, तो म्हणजे तुमचे वडील शंकरराव. आमच्या घराण्याची हरवलेली शाखा तुम्ही आहात."

मी पडद्याकडे पाहिलं. दोन नारायणराव कधीच एक झालेले होते. मी येण्याआधीच आबासाहेबांनी "एकच" दाबलेलं होतं.

खोलीत मोठा आनंद झाला. प्रभाकरराव उठून आबासाहेबांना भेटले. "म्हणजे आपण घरचेच की. मला तुम्हाला बघितल्याबरोबर वाटलंच होतं." मुक्ताच्या आईने पेढे आणले. सुहास निखिलच्या पाठीवर थाप मारत होते. आबासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायला ते काठीचं टोक पुसत होते. मी एकटीच पेढा हातात धरून बसले होते, कारण मला पुढचं दिसायला लागलं होतं. तेवढ्यात ते मुक्तालाही दिसलं.

ती शांतपणे म्हणाली, "आबा, मग निखिलचं आणि माझं नातं काय?"

"कळेल की. सुलभाताई, काढा."

मी म्हटलं, "केबल जरा सैल वाटतेय."

"केबल ठीक आहे. काढा."

दोघांना निवडून मी बटण दाबलं. पडद्यावर उत्तर आलं. म्हाताऱ्या माणसांना दिसावं म्हणून अक्षरं मीच मोठी ठेवली होती, आणि नाती तर मीच शिकवलेली. निखिल प्रभाकर पिसाळ हे मुक्ता सुहास घोरवडकर यांचे चुलत आजोबा.

निखिल एकोणतीस वर्षांचा असेल. त्याने पेढ्याचा घास तोंडातच ठेवला.

प्रभाकररावांनी घसा साफ केला. "आणि मी आबासाहेबांचा कोण?"

मी नाइलाजाने तेही दाबलं. चुलत काका.

"म्हणजे मघाशी मी तुमच्या पाया पडलो," ते आबासाहेबांना म्हणाले, "ते उलट व्हायला पाहिजे होतं."

त्यांच्या पत्नीने त्यांना कोपराने ढोसलं. सुहास हळूच म्हणाले, "बाबा, एकच कुळ असेल तर हे लग्न कसं होणार?"

आबासाहेबांनी वळून मुक्ताकडे पाहिलं. तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं असावं. इतके दिवस त्यांना फक्त बाळ दिसत होता. तो भेटण्याच्या आनंदात लग्न त्यांच्या नजरेलाच पडलं नव्हतं. ते खुर्चीत बसले, काठी मांडीवर आडवी.

मुक्ता मला म्हणाली, "मावशी, हे खरंच आहे का?"

मी म्हटलं, "नाव सारखं आहे, एवढंच खरं आहे. नारायण विष्णू देशमुख म्हणून माणसं बरीच झाली असतील. जोडल्यानंतर त्रिकोण आले असतील ते बघू या." मी नारायणरावांच्या नोंदीवर गेले. एकही त्रिकोण नव्हता. मग मी लपवलेले त्रिकोण उघडले. ओळीने आले. प्रत्येकासमोर कोणीतरी "दुर्लक्ष करा" दाबलेलं होतं.

"आबासाहेब, हे तुम्ही दाबलंत?"

"किरकोळ होते," आबासाहेब म्हणाले.

पहिला त्रिकोण सांगत होता की या माणसाच्या दोन मुलग्यांत चांगली एका पिढीची तफावत आहे. आबासाहेब म्हणाले, "दुसरं लग्न केलं असेल." दुसरा सांगत होता की हा माणूस प्लेगात वारल्यानंतर पुष्कळ वर्षांनी त्याला शंकरराव झाले. आबासाहेब म्हणाले, "प्लेग अनेकदा आला. कुठल्या प्लेगात गेले हे नक्की नाही." मी म्हटलं, "तुम्ही स्वतःच लिहिलंय, थोरला मुलगा लहान असताना गेले." ते म्हणाले, "ऐकीव आहे." माझ्या पाहण्यातल्या सगळ्या गिऱ्हाइकांत ऐकीव गोष्टीला फाइलीत पाय ठेवू न देणारे हे एकटे. तेच आता ऐकीवच्या आड उभे होते. त्यांना नातीचं लग्नही हवं होतं आणि बाळही हवा होता, आणि दोन्ही एका खोलीत मावत नव्हते.

प्रभाकरराव म्हणाले, "कुळाचं विचाराल तर आमचा ज्योतिबा. तुमचा?"

"खंडोबा," आबासाहेब म्हणाले. "पण गाव सुटलं की माणसं जवळचा देव धरतात."

हे ऐकल्यावर निखिल पहिल्यांदा बोलला. "बाबा, आत्याआजीला विचारू या का? तिला सगळं ठाऊक असतं."

आत्याआजी म्हणजे प्रभाकररावांची आत्या, शंकररावांची धाकटी बहीण. नव्वदीला टेकलेली, डभोईत मुलाकडे राहते, कान शाबूत. आणि ती थेट नारायणरावांचीच मुलगी. म्हणजे ज्याच्यावरून भांडण चाललं होतं त्याच्या हाताखाली वाढलेलं माणूस जिवंत होतं आणि आम्ही त्रिकोण बघत बसलो होतो. निखिलने तिच्या चौकटीत "आत्याआजी" एवढंच भरून ठेवलं होतं, म्हणून प्रोग्रॅमला तिच्यावरून काही विचारता आलं नव्हतं. प्रभाकररावांनी फोन लावून तो मधल्या टेबलावर ठेवला, आवाज मोठा करून.

"हा बोल, दीकरा," पलीकडून आलं. "पसंती झाली?"

"झाली, पण जरा घोटाळा आहे. आत्या, तुझे वडील कसे वारले?"

"आज चांगल्या दिवशी हे शुं विचारतोस?"

"सांग ना. प्लेगात का?"

"प्लेगात कशाला? म्हातारपणाने वारले. चांगले जेवून, पान खाऊन झोपले ते उठले नाहीत."

आबासाहेब पुढे वाकले. "नमस्कार. मी मुक्ताचा आजोबा बोलतो. क्षमा करा, पण आमच्या माहितीप्रमाणे नारायणराव फार पूर्वी, प्लेगाच्या साथीत निवर्तले."

पलीकडून आलं, "फार पूर्वी म्हणजे कधी?"

"आपल्या जन्माच्याही बऱ्याच आधी."

"माझ्या जन्माच्या आधी माझे वडील गेले?" आत्याआजी म्हणाली. "मग मला खांद्यावर बसवून डभोईच्या छोट्या गाडीत कोण नेत होतं? माझं कन्यादान कोणी केलं? प्रभाकर, हे काका कोण आहेत? यांची तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे," प्रभाकरराव म्हणाले. हसू दाबून त्यांची मिशी हलत होती.

आबासाहेबांनी तरीही विचारलं, आवाज जरा खाली गेला होता. "आपल्या वडिलांना आधीच्या लग्नाचा एखादा थोरला मुलगा होता का? बडोद्यात?"

"नाही हो. एक शंकर आणि पाच आम्ही मुली. दुसरा मुलगा असता तर आईने नवस कशाला केले असते? आणि वडील इकडे आले तेच रेल्वेत. आमचं मूळ गाव कोल्हापुराकडे. तुम्ही कोणाला शोधताय का?"

"हो," आबासाहेब म्हणाले.

"सापडेल," आत्याआजी म्हणाली. "पण आमच्यात नाही. लग्नाचं काय ते बोला आता, उगाच टाइम घालवू नका." तिने फोन ठेवून दिला.

मी लॅपटॉप आबासाहेबांपुढे सरकवला. "वेगळे करा" हे बटण मलाही दाबता आलं असतं, पण ती फाइल त्यांची होती. त्यांनी चष्मा लावला, बोट वर नेलं आणि जरा थांबले. मुक्ता त्यांच्या खुर्चीच्या हातावर जाऊन बसली. त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर दोन घराणी एकमेकांपासून दूर गेली आणि घोरवडकरांच्या बाजूला ती चौकट पूर्वीसारखी उभी राहिली. बाळ. पत्ता नाही.

"आता पुन्हा विचारा," ते मला म्हणाले. "निखिल आणि मुक्ता."

मी विचारलं. उत्तर आलं, या दोन व्यक्तींमध्ये कोणतंही नातं सापडलं नाही.

खोलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणी कोणाचं काही लागत नाही याचा एवढा आनंद करणारी दोन घरं मी पहिल्यांदाच पाहत होते. प्रभाकरराव पुन्हा उठले, पुन्हा वाकून आबासाहेबांच्या पायांना हात लावला आणि म्हणाले, "आता हिशोब बरोबर." आबासाहेब हसले. उशिरा आणि थोडं, पण हसले. मग बोलणी सुरू झाली, आणि हॉल कुठला घ्यायचा यावरून दोन्ही बाजू अशा भांडल्या की मला वाटलं मघाची जोडणी एवढी काही चूक नव्हती.

लग्न झालं. आत्याआजी डभोईहून आली होती. तिने आबासाहेबांना शेजारी बसवून घेतलं आणि नारायणरावांच्या गोष्टी सांगितल्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या. आबासाहेबांनी त्या सगळ्या ऐकून घेतल्या. ज्याचं आपल्याशी काही नातं नाही अशा माणसाबद्दल इतकं मन लावून ऐकताना मी त्यांना पूर्वी पाहिलं नव्हतं. जाताना आत्याआजीचं खरं नाव त्यांनी विचारून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी निखिलला फोन करून तिची चौकट पूर्ण करायला लावली.

काही आठवड्यांनी ते रिक्षा करून समाला माझ्या घरी आले. असे कधी येत नाहीत. पाणी प्यायले, पंख्याखाली बसले आणि म्हणाले, "सुलभाताई, फाइल बाहेर ठेवायची म्हणता ना तुम्ही, जिथे बाकीच्यांना बघता येते? ठेवा."

हे मी त्यांना कितीतरी वर्षं सांगत होते. इंटरनेटवर अशा जागा असतात जिथे लोक आपापली घराणी ठेवतात आणि प्रोग्रॅम सगळ्यांची एकमेकांशी ताडून बघतो. कुठेतरी बाळच्या नातवंडांनी आपली बाजू ठेवली असेल तर भेट तिथेच होणार. पण आबासाहेबांना घराणं चव्हाट्यावर मांडणं पसंत नव्हतं. आता स्वतःहून म्हणत होते.

मी म्हटलं, "आजच ठेवते."

"फक्त एक करा," ते म्हणाले. मुक्ताचा धाकटा भाऊ रोहन, त्याच्यासाठी मुली बघणं सुरू झालं होतं. "रोहनचं लग्न होईपर्यंत कोणी सापडलं तर मला सांगू नका. एकदा झालं तेवढं पुरे. मला कळलं की मी गप्प बसणार नाही, हे मला ठाऊक आहे."

मी शब्द दिला.

गेल्या महिन्यात धारहून एका बाईंचा निरोप आला. त्यांच्या आजोबांचं मूळ आडनाव देशमुख, वडील नारायणराव, प्लेगात गेलेले. आजोबा लहानपणी बडोद्याहून पळून आले आणि मरेपर्यंत घरात सगळे त्यांना बाळ म्हणत. थोरल्या भावाचं नाव त्यांनी लिहिलं आहे, ते बरोबर आहे. मी दोन्ही घराणी शेजारी ठेवून सगळ्या बाजूंनी तपासली, धारच्या आणखी दोन नातेवाइकांना फोन केले. प्रोग्रॅमला कुठेही काही अशक्य वाटलं नाही. मलाही नाही.

रोहन अजून मुली बघतोय. त्याला उंच हवी, गाणारी हवी, आणि बडोदं न सोडणारी हवी. मी दर आठवड्याला आबासाहेबांना फोन करते आणि त्याचं कुठे जमलं का ते विचारते. परवा ते सुहासना म्हणाले म्हणे, सुलभाताईंना आपल्या रोहनची एवढी काय काळजी लागली आहे, त्यांच्या ओळखीत एखादी मुलगी आहे की काय ते विचारून घे.